परसातली ब्लूबेरी: न्यू जर्सी आणि आसपासच्या मराठी बागप्रेमींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी मार्च उजाडला, नर्सऱ्यांमध्ये रोपं दिसू लागली की तेच प्रश्न नव्याने येतात. या वेळी सगळे एकत्र करून, क्रमांक घालून ठेवले आहेत. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागला तर तिथे फक्त क्रमांक दिला आहे. पुण्या-मुंबईहून येणारे प्रश्न शेवटाकडे आहेत, कारण तिथलं गणित वेगळं आहे.

१. आम्ही नुकतंच घर घेतलंय. परसात ब्लूबेरी येईल का, की ते मोठ्या शेतांचंच काम?

येईल, आणि छान येईल. हे झाड याच मातीतलं आहे. उंच वाढणारी ब्लूबेरी, म्हणजे हायबुश, उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात मुळातच जंगली वाढते. ती लागवडीखाली आली तीसुद्धा न्यू जर्सीतच. व्हाइट्सबॉग नावाच्या गावी एलिझाबेथ व्हाइट यांचं क्रॅनबेरीचं शेत होतं. सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी ब्लूबेरीवर केलेले प्रयोग त्यांच्या वाचनात आले आणि १९११ साली त्यांनी कोव्हिलना आपली जमीन देऊ केली. आसपासच्या पाइनच्या रानात हिंडणाऱ्या लोकांना पैसे देऊन त्यांनी टपोऱ्या फळांची जंगली झुडपं शोधून आणवली. ज्याने झुडूप शोधलं त्याचं नाव त्या झुडपाला दिलं जाई. ‘रुबेल’ ही जात तशीच मिळाली आणि आजही नर्सरीत विकत मिळते. १९१६ मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात गेलं.

तेव्हा हवामानाची काळजी इथे करायची नाही. काळजी करायची ती मातीची. प्रश्न ४ आणि ६ वाचल्याशिवाय रोप विकत आणू नका.

२. कोणती जात घेऊ? दुकानात दहा नावं दिसतात.

न्यू जर्सी, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, कनेटिकट इथे उत्तरेकडची हायबुश घ्या. लवकर येणारी ‘ड्यूक’, मधल्या हंगामाची ‘ब्लूक्रॉप’ आणि उशिरा येणारी ‘इलियट’ अशी तीन झाडं लावली तर जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत घरात फळ असतं. फक्त दोनच लावायची असतील तर मी ड्यूक आणि ब्लूक्रॉप सांगेन. ड्यूक लवकर आटोपते, त्यामुळे प्रश्न १७ मधल्या माशीच्या तावडीतून बरीचशी सुटते. ब्लूक्रॉप भरवशाची आहे, नवख्या हातांनाही साथ देते. मोठ्ठं फळ हवं असेल तर ‘चँडलर’ पाहा.

मिनेसोटासारख्या कडाक्याच्या थंडीत राहणाऱ्यांनी ‘नॉर्थब्लू’सारख्या बुटक्या, काटक जाती घ्याव्यात. जॉर्जिया, टेक्सास, फ्लोरिडाकडच्यांनी ‘रॅबिटआय’ (ब्लूबेरीचा दक्षिणेकडचा वेगळा प्रकार) किंवा दक्षिणेकडची हायबुश घ्यावी. याचं कारण थंडीचे तास. सात अंश सेल्सिअसच्या खाली जितके तास हिवाळ्यात मिळतात त्यांची बेरीज झाड ठेवतं आणि ती पुरी झाली की नीट फुलतं. उत्तरेकडच्या हायबुशला साधारण आठशे ते हजार तास लागतात, दक्षिणेकडच्या जातींना दीडशे ते सहाशे.

३. एकच झाड लावलं तर फळ धरेल का?

हायबुशचं एकटं झाडही फळ धरतं. पण शेजारी वेगळ्या जातीचं दुसरं झाड असेल तर फळं मोठी येतात आणि संख्याही वाढते. त्यामुळे जागा असेल तर दोन जाती लावाच, फुलण्याचा काळ जुळेल अशा. रॅबिटआयच्या बाबतीत मात्र दोन वेगळ्या जाती हव्यातच.

परागीभवनाचं मोठं काम भुंग्यासारख्या दिसणाऱ्या केसाळ बंबलबी करतात. ब्लूबेरीचं फूल उलट्या घंटेसारखं असतं आणि परागकण आत नळीसारख्या भागात अडकलेले असतात. बंबलबी फुलाला लटकून अंग थरथरवते आणि ते खाली झडतात. मधमाशीला हे जमत नाही, तरी ती थोडाफार हातभार लावते. म्हणून फुलोऱ्याच्या दिवसांत कीटकनाशक फवारू नका, कुठलंही नाही.

४. सामू, म्हणजे पीएच, एवढा महत्त्वाचा का? टोमॅटो तर कुठेही येतात.

टोमॅटो येतात ती माती ब्लूबेरीला चालत नाही. ब्लूबेरीला सामू ४.५ ते ५ च्या आसपास हवा. भाज्यांच्या वाफ्यात तो साडेसहाच्या आगेमागे असतो. सामूचा एक अंक म्हणजे आम्लतेत दहापट फरक, म्हणून साडेसहा आणि साडेचार यांत अंतर शंभरपट आहे.

ब्लूबेरीच्या मुळांना इतर झाडांसारखे बारीक मूलरोम नसतात. मुळं तंतूसारखी नाजूक, वरच्या फूटभर मातीत पसरलेली, आणि मातीतल्या विशिष्ट बुरशीच्या मदतीने अन्न घेणारी. सामू चढला की मातीत लोह असूनही झाडाला ते उचलता येत नाही. पानं पिवळी पडतात, वाढ थांबते, दोन-तीन वर्षांत झाड संपतं. लोक म्हणतात खत कमी पडलं, पाणी कमी पडलं, रोपच खराब होतं. बहुतेक वेळा सामू चढलेला असतो.

म्हणून रोपाआधी माती परीक्षण. काऊंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसमार्फत (विद्यापीठाचं शेती-बाग सल्ला केंद्र) रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवता येतो. बाजारातल्या टोचायच्या मीटरवर मी विसंबणार नाही.

सामू उतरवायला साधं गंधक वापरायचं, दाणेदार मिळतं ते. सहावरून साडेचारवर आणायला शंभर चौरस फूट जागेला रेताड मातीत साधारण १.२ पौंड लागतं, मध्यम पोयट्याच्या मातीत ३.५ पौंड. चिकण मातीला त्याहून जास्त. अ‍ॅल्युमिनियम सल्फेट दुकानात शेजारीच ठेवलेलं असतं आणि काम झटपट करतं, पण अ‍ॅल्युमिनियम ब्लूबेरीच्या मुळांना मारक ठरतं. ते घेऊ नका.

५. गंधक आज टाकलं तर रोप पुढच्या शनिवारी लावू का?

नको. गंधक स्वतः आम्ल नसतं. मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि त्यांना ऊब, ओल आणि वेळ लागतो. हिवाळ्यात ते काम जवळजवळ बंद असतं. त्यामुळे या उन्हाळ्यात किंवा शरद ऋतूच्या सुरुवातीला गंधक मातीत मिसळा, पुढच्या वसंतात पुन्हा तपासा, मग रोप आणा. एक वर्ष थांबायचं जिवावर येतं हे मला कळतं. पण हे झाड नीट बसलं तर चाळीस-पन्नास वर्षं फळ देतं. त्यापुढे एक वर्ष काहीच नाही. अगदी थांबवत नसेल तर पहिलं वर्ष कुंडीत काढा, प्रश्न २० पाहा.

६. शेणखत, राख, ताक, लिंबाचं पाणी, कॉफीचा चोथा यांतलं काय घालू?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सर्वात जास्त झाडं इथेच जातात. आईने, आजीने शिकवलेल्या बागेच्या चांगल्या सवयी आपल्या हातात मुरलेल्या असतात. तुळशीला, जास्वंदीला, वांग्याला त्या लागू पडतात. ब्लूबेरीला त्यातल्या बऱ्याचशा उलट्या पडतात.

शेणखत घालू नका. त्यात क्षार असतात, सामू वर चढतो, आणि ब्लूबेरीला क्षार अजिबात सोसत नाहीत. कोंबडीखत आणि पोत्यातलं मशरूम कंपोस्ट त्याहून वाईट. घरचं कंपोस्टही बहुधा उदासीन (ना आम्ल, ना अल्कधर्मी) किंवा किंचित अल्कधर्मी असतं, ते भाज्यांना ठेवा.

राख म्हणजे सरळ चुन्यासारखं काम. शेकोटीची असो की होमाची, या झाडाच्या आसपासही नको. अंड्याची टरफलंही त्याच कारणासाठी नकोत.

आंबट ताक, लिंबाचं पाणी, व्हिनेगर यांनी मातीची आम्लता काही दिवसांपुरती हलते आणि परत येते. तेवढ्यात मुळांजवळच्या जिवाणू-बुरशीला त्रास होतो तो वेगळा. ताकाने वर उग्र वास सुटतो आणि रॅकून येतात.

कॉफीबद्दल बराच गैरसमज आहे. आम्ल कॉफीबरोबर कपात उतरतं, उरलेला चोथा जवळजवळ उदासीन असतो. आच्छादनावर पातळ पसरला तर बिघडत नाही, पण त्याने सामू उतरेल या भरवशावर राहू नका. जाड थर दिला तर तो कडक होऊन पाणी अडवतो.

घालायचं ते हे: पाइनची बारीक केलेली साल, पाइनची वाळलेली सुईपानं, लाकडाचा जुना भुसा, पीट मॉस (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ, पोत्यात मिळतं).

७. आमच्याकडे लाल चिकण माती आहे, पाऊस पडला की दोन दिवस चिखल. काय करू?

सॉमरसेट काऊंटी आणि आसपासच्यांचा हा कायमचा प्रश्न. ब्लूबेरी मूळची पाइन बॅरन्सच्या, म्हणजे दक्षिण न्यू जर्सीतल्या पाइनच्या रानाच्या, रेताड, भुसभुशीत, आम्ल जमिनीतली. तिथे हॅमंटनच्या आसपास मैलोन्‌मैल शेतं आहेत. चिकण मातीत पाणी साठलं की मुळं कुजतात.

खड्डा खणून त्यात चांगली माती भरणं हा उपाय वाटतो, पण चिकण मातीतला खड्डा हौदासारखा पाणी धरतो. त्याऐवजी जमिनीच्या वर आठ ते बारा इंच उंच आणि तीन-चार फूट रुंद गादीवाफा करा. त्यात निम्मी स्थानिक माती आणि निम्मं पाइनची साल व पीट मॉस यांचं मिश्रण चालतं. पीट मॉस कोरडं घालू नका, आधी बादलीत भिजवा. कोरडं पीट पाणी झिडकारतं आणि नंतर वरून कितीही पाणी दिलं तरी आतून कोरडंच राहतं. वाफ्याला काँक्रीटचे ठोकळे लावू नका, त्यांतून चुना झिरपतो. लाकडी फळ्या वापरा.

८. कधी लावू, कसं लावू?

इथे एप्रिल उत्तम, ऑक्टोबरही चालतो. दोन-तीन वर्षांचं रोप घ्या. कुंडीतून काढल्यावर मुळांचा गोळा घट्ट वेटोळलेला दिसला तर बोटांनी बाजू मोकळ्या करा, नाहीतर मुळं पुढची कित्येक वर्षं त्या कुंडीच्याच आकारात राहतात. कुंडीत होतं त्याच खोलीवर किंवा जास्तीत जास्त इंचभर खाली लावा. दोन झाडांत चार ते पाच फूट अंतर. लावताना खड्ड्यात खत नाही.

लगेच चार इंच जाड आच्छादन घाला, खोडाला न टेकवता. हे आच्छादन दर वर्षी भरत राहायचं. भोवती खुरपणी करायची नाही, मुळं वरच असतात. तण हाताने उपटा.

९. परसात कुठली जागा टाळू?

सावली टाळा, दिवसाला किमान सहा तास ऊन हवं. घराच्या पायाला लागून नको, कारण सिमेंटमधून चुना झिरपून तिथला सामू चढलेला असतो. ड्राइव्हवेच्या कडेलाही नको, हिवाळ्यात बर्फासाठी टाकलेलं मीठ मुळांपर्यंत जातं. काळ्या अक्रोडाचं झाड असेल तर त्याच्यापासून लांब, त्याच्या मुळांतून सुटणारं द्रव्य ब्लूबेरीला बाधतं. लॉनला चुना टाकायला माणूस येत असेल तर त्याला हा कोपरा दाखवून ठेवा. अझेलिया किंवा ऱ्होडोडेंड्रॉनच्या शेजारी मात्र खुशाल लावा, ती त्याच कुळातली आहेत आणि तिथली माती बहुधा योग्य असते.

१०. पाणी किती?

आठवड्याला एक ते दोन इंच, पावसासकट. फळ भरताना दोनच्या जवळ. एकदम पूर आणि मग दुष्काळ असं नको. उथळ मुळं लवकर सुकतात. ठिबक सर्वात बरं.

विहिरीचं जड पाणी असेल तर ते दर वेळी सामू थोडा थोडा वर ढकलतं. छतावरचं पाणी पिंपात साठवा आणि जमेल तेवढं तेच द्या.

११. खत कोणतं, किती?

नत्र हवं, पण अमोनियमच्या रूपात. नायट्रेटवालं खत ब्लूबेरीला लागू पडत नाही, उलट अपाय करतं. अमोनियम सल्फेट हे जुनं, स्वस्त आणि चोख खत. लावल्यावर महिना-दीड महिन्याने झाडामागे एक औंस, बुंध्यापासून फूटभर लांब, गोल पसरून. पुढे दर वर्षी एकेक औंस वाढवत पूर्ण वाढलेल्या झाडाला जास्तीत जास्त आठ औंस. हे एकदम न देता निम्मं फुलोऱ्याच्या सुरुवातीला आणि निम्मं महिना-दीड महिन्याने. जुलैच्या मध्यानंतर खत नाही, नाहीतर कोवळी फूट येते आणि थंडीत जळते. सामू आधीच साडेचारच्या खाली असेल तर अमोनियम सल्फेटऐवजी युरिया वापरा.

सेंद्रिय हवं असेल तर अझेलियासाठीची पोती मिळतात, ती चालतात. म्युरिएट ऑफ पोटॅश टाळा, त्यातलं क्लोराइड नको.

१२. पहिल्याच वर्षी भरपूर फुलं आली. तोडा म्हणतात, जीव होत नाही. तोडायलाच हवीत का?

हो, पहिली दोन वर्षं. रोपाची सगळी ताकद फळात गेली तर मुळं आणि फांद्या मागे राहतात. मुलांच्या समाधानासाठी एका फांदीवर दोन-चार फुलं ठेवलीत तर आकाश कोसळत नाही. तिसऱ्या वर्षापासून थोडं फळ घ्या. पूर्ण भराला यायला सहा ते आठ वर्षं लागतात.

१३. छाटणी कधी आणि कशी? भीती वाटते.

हिवाळ्याच्या शेवटी, कळ्या फुगण्याआधी, इथे फेब्रुवारीअखेर ते मार्च. भीती स्वाभाविक आहे, कारण कापताना डोळ्यांना फळाच्या कळ्या दिसत असतात. तरीही कापायचं. न छाटलेलं झाड दोन-तीन वर्षं लदबदून येतं आणि मग बारीक, आंबट फळांचं जाळं होऊन बसतं.

आधी कळी ओळखायला शिका. फांदीच्या टोकाकडच्या गोल, गुबगुबीत कळ्या फुलांच्या. त्यांच्या खालच्या बारीक, टोकदार कळ्या पानांच्या. फळ मागच्या वर्षीच्या फुटीवर येतं. म्हणून दर वर्षी नवी, दमदार फूट येत राहील अशी व्यवस्था करणं म्हणजे छाटणी.

पहिली तीन वर्षं फक्त मेलेलं, मोडलेलं आणि जमिनीला टेकणारं काढा. पुढे दर वर्षी सर्वात जुन्या एक-दोन फांद्या, करड्या, जाड, शेवाळलेल्या, थेट जमिनीलगत कापा. सहा-सात वर्षांपेक्षा जुनी फांदी ठेवण्यात अर्थ नसतो. मग मधली गर्दी, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आणि काडीसारख्या बारीक फुटी काढा. नव्या फुटींपैकी दोन-तीन जोमदार ठेवा. मोठ्या झाडावर वेगवेगळ्या वयाच्या दहा ते पंधरा मुख्य फांद्या असाव्यात. कापून झाल्यावर झाडाच्या मधून पलीकडचं दिसायला हवं.

जुन्या घरात दुर्लक्षित, वीस वर्षांचं झुडूप मिळालं असेल तर एका हंगामात सगळं कापू नका. तीन वर्षांत एकेक तृतीयांश जुनं लाकूड काढा.

१४. नवी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या. लोह घालू का?

हे लक्षण लोह न मिळण्याचंच आहे, पण मूळ कारण बहुतेकदा चढलेला सामू. आधी माती तपासा. चिलेटेड लोहाची (झाडाला सहज उचलता येईल अशा रूपातल्या लोहाची) फवारणी पानांना काही आठवडे हिरवं करते, तेवढ्या काळात गंधकाचं काम सुरू होतं. उभ्या झाडांना गंधक एकदम जास्त नको, एका वेळी शंभर चौरस फुटांना पौंडाच्या आतच, आच्छादनाखाली पसरून. जुनी, खालची पानं सरसकट फिकी झाली असतील तर तो नत्राचा तुटवडा, प्रश्न ११ पाहा. पानं पिवळी पडून झाड ओल्या मातीतही मलूल दिसत असेल तर मुळं कुजत आहेत, प्रश्न ७.

१५. फुलं खूप आली आणि एका रात्रीत तपकिरी झाली. रोग आहे का?

बहुधा दंव. पूर्ण उमललेलं फूल साधारण उणे दोन अंश सेल्सिअसला मरतं, मिटलेली कळी त्याहून जास्त थंडी सोसते. एप्रिलअखेर अशी रात्र इथे येतेच. हवामानाचा अंदाज पाहून संध्याकाळी जुनी चादर टाका, जमिनीपर्यंत टेकेल अशी, म्हणजे मातीची ऊब आत राहते. सकाळी काढा, बंबलबींना वाट हवी. प्लॅस्टिक फुलांना टेकू देऊ नका.

शरद ऋतूत पानं लालभडक होतात तो रोग नव्हे, झाडाचा स्वभाव आहे. वसंतात कोवळी पानं लालसर दिसली तर तेही गारठ्यामुळे, ऊब आली की जातं.

१६. पक्षी एकही फळ ठेवत नाहीत.

जाळी हाच उपाय. चकचकीत पट्ट्या, प्लॅस्टिकचं घुबड यांना पक्षी आठवड्याभरात सरावतात. जाळी झाडावर नुसती टाकू नका, पक्षी पाय अडकून मरतात आणि चोचीने बाहेरूनही फळं टिपतात. चार खांब उभारून वर ताणून बसवा, खालून फट नको. फुलोरा संपून फळं निळसर व्हायला लागली की लावा, शेवटच्या तोड्यानंतर काढा. हिवाळ्यात ससे बुंधे कुरतडतात आणि हरणं फांद्या खातात, तेव्हा भोवती तारेचं कुंपण असू द्या.

१७. पिकलेल्या फळात बारीक पांढऱ्या अळ्या सापडल्या. खाल्ली गेली असतील तर?

चुकून पोटात गेली तर काही होत नाही, घाबरू नका. ही ठिपक्या पंखांची फळमाशी, ड्रोसोफिला सुझुकी. मूळची पूर्व आशियातली, अमेरिकेच्या मुख्य भूमीवर २००८ मध्ये कॅलिफोर्नियात सापडली आणि काही वर्षांतच इकडे पोचली. साधी फळमाशी सडलेल्या फळावर अंडी घालते, ही मात्र चांगल्या, पिकत्या फळाची साल कापून आत घालते. तिचा जोर जुलैपासून वाढतो.

दोन-तीन दिवसांनी नेमाने तोडा, झाडावर जास्त पिकलेलं ठेवू नका, खाली पडलेलं उचला आणि कंपोस्टमध्ये न टाकता पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. तोडलेलं फळ लगेच फ्रिजमध्ये. उशिराच्या जाती असतील तर मिलिमीटरभर छिद्राची बारीक जाळी लावा. ती पक्ष्यांचंही काम करते.

पानांची चाळण करणारे हिरवे-तांबूस चमकदार भुंगेरे दिसले तर ते जपानी बीटल. अमेरिकेत ते पहिल्यांदा दिसले तेही १९१६ साली न्यू जर्सीतच. सकाळी थंडीत सुस्त असतात, साबणाच्या पाण्यात झटकून टाका. त्यांचे सापळे लावू नका, शेजारपाजारचेही तुमच्याकडे येतात.

१८. काही फळं निळी होण्याऐवजी गुलाबी-करडी, सुरकुतलेली होऊन गळतात.

ही ममी बेरी नावाची बुरशी. गळलेलं फळ जमिनीवर हिवाळा काढतं आणि वसंतात त्यातून छोटी पेल्यासारखी छत्री उगवते, तिचे बीजाणू कोवळ्या फुटीवर जातात. म्हणून ही साखळी तिथेच तोडायची. गळलेली फळं वेचा, आणि कळ्या फुटण्याआधी दोन इंच नवं आच्छादन घालून उरलेली गाडून टाका. लहान बागेत एवढ्याने बहुधा आटोक्यात येतं.

१९. फळ पूर्ण निळं आहे, तरी आंबट. जातच आंबट आहे का?

घाईने तोडलंत. निळं होणं म्हणजे पिकणं नव्हे, त्यानंतर गोडी भरायला आणखी काही दिवस लागतात. देठाच्या बाजूला लालसर कडं दिसतंय तोवर थांबा. पिकलेलं फळ अंगठ्याच्या नुसत्या स्पर्शाने हातात येतं, ओढावं लागलं तर अजून वेळ आहे. आणि आंब्यासारखी ही आढीत पिकत नाही. तोडल्यावर मऊ होते, गोड होत नाही.

सालीवरची पांढरट पूड हे औषध नाही, फळाचं स्वतःचं मेण आहे, त्याने फळ टिकतं. म्हणून खाण्याच्या वेळीच धुवा. फ्रीझरला टाकताना न धुता, कोरडी, ताटात सुटी पसरून गोठवा आणि मग पिशवीत भरा.

२०. अपार्टमेंटमध्ये राहतो. बाल्कनीत कुंडीत जमेल का?

जमेल, आणि सामू राखायला कुंडी उलट सोपी. चाळीस-पन्नास लिटरची कुंडी, खाली भरपूर भोकं. पाइनची बारीक साल, पीट मॉस आणि थोडं परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे) असं मिश्रण, बागेची माती नाही. ‘टॉप हॅट’सारखी बुटकी जात सोयीची. उन्हाळ्यात रोज पाणी तपासावं लागतं. हिवाळ्यात कुंडीतली मुळं जमिनीतल्यापेक्षा जास्त गारठतात, म्हणून कुंडी भिंतीलगत सरकवून भोवती गोणपाट किंवा वाळक्या पानांच्या पिशव्या रचा, किंवा न तापवलेल्या गॅरेजमध्ये ठेवा. उबदार घरात आणू नका, तिला थंडी हवीच असते, प्रश्न २.

२१. दुकानातल्या फळाच्या बियांपासून रोप होईल का?

होईल, पण फळ त्याच जातीचं येणार नाही आणि बरीच वर्षं जातील. जूनमध्ये कोवळ्या फांदीचं छाट कलम ओल्या पीट-परलाइटमध्ये, वर प्लॅस्टिकचं झाकण ठेवून, लावता येतं. ड्यूक, ब्लूक्रॉप यांचं खुशाल करा, पण पेटंट असलेल्या नव्या जातींचं कलम करायला परवानगी नसते. रोपाच्या चिठ्ठीवर ते लिहिलेलं असतं.

२२. पुण्यात, मुंबईत, कोकणात ब्लूबेरी येईल का?

मुंबईत आणि कोकण किनाऱ्यावर मी कोणाला सुचवणार नाही. कोकणची जांभ्याची माती आम्ल असते हे खरं, पण थंडी नाही आणि दमट उन्हाळा झाडाला झेपत नाही.

पुणे, नाशिक, पाचगणी, महाबळेश्वर इथे कुंडीत करता येतं, जात योग्य असेल तर. ‘बिलॉक्सी’, ‘मिस्टी’, ‘शार्पब्लू’ यांसारख्या कमी थंडीच्या दक्षिणी हायबुशच घ्या. भारतात ऑनलाइन ‘ब्लूबेरीचं रोप’ म्हणून जातीचं नाव न सांगता विकतात, ते घेऊ नका. अशा जाती उबदार हवेत पानगळ न होताही फळतात, पेरू देशाच्या वाळवंटी किनाऱ्यावरची मोठी लागवड याच तत्त्वावर चालते.

देशावरची काळी माती अल्कधर्मी आणि चुनखडीची, तिच्यात लावायचा विचारही नको. पाइनची साल मिळाली तर उत्तम, नाहीतर दोन-तीनदा धुऊन क्षार काढलेलं कोकोपीट, पीट मॉस आणि परलाइट. बोअरचं पाणी टाळा, पावसाचं साठवा. एप्रिल-मे मध्ये हिरव्या जाळीखाली दुपारची सावली. पावसाळ्यात कुंडी विटांवर ठेवा, बशी काढून टाका. एवढं सगळं करून बाल्कनीत ओंजळ-दोन ओंजळ फळ येईल. हौस असेल तर जरूर करा. नुसतं गडद रंगाचं, गुणाचं फळ परसात हवं असेल आणि जागा असेल तर करवंदाची जाळी लावा, ती पाण्यावाचूनही तगते.

२३. सुट्टीत भारतात जाताना इथलं रोप किंवा काडी बॅगेतून नेऊ का?

नाही. रोप, काडी, बी काहीही नेण्यासाठी भारताची आयात परवानगी आणि इथलं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. हा नियम रोग-किडीसाठी आहे आणि प्रश्न १७ व १८ वाचलेत तर तो का हवा ते कळेल. शिवाय इथली उत्तरेकडची जात तिथे फुलणारही नाही.

२४. घर विकतोय. सहा वर्षांचं झाड नव्या घरी नेता येईल का?

येतं. मुळं उथळ असल्याने हे झाड वयातही हलवणं सोसतं. विक्रीच्या करारात झाड तुम्ही नेणार असं आधी लिहून घ्या, नाहीतर ते घराबरोबर जातं. पानं गळल्यावर किंवा मार्चमध्ये, कळ्या फुगण्याआधी हलवा. खोल खणण्यापेक्षा रुंद खणा, झाडाच्या सावलीच्या कडेपासून आत, फूटभर खोल, आणि गोळा ताडपत्रीवर सरकवा. फांद्या निम्म्यावर आणा. त्या वर्षीची फुलं काढून टाका. नव्या जागेची माती आधीच्या उन्हाळ्यात तपासून गंधक दिलेलं असावं, प्रश्न ५. ते जमलं नसेल तर झाड वर्षभर मोठ्या कुंडीत ठेवा, ते थांबतं.